शिवेपलीकडचे कर्मफळ

कर्म एकाने करावे आणि त्याचे फळ दुसऱ्याने भोगावे, ही कल्पना आपल्या दर्शनकारांना इतकी असह्य वाटे की, प्रतिपक्षाचे मत अखेर तेथवर जाऊन पोचते एवढे दाखविले म्हणजे त्याचे खंडन झाले असे समजले जाई. केलेले वाया जाणे हा कृतनाश, न केलेले वाट्याला येणे हा अकृताभ्यागम. क्षणिकवादी बौद्धांवर हे दोन्ही दोष वारंवार ठेवण्यात आले. आत्म्याच्या नित्यत्वासाठी परजलेले हे शस्त्र नगररचनेच्या दप्तरातही चालवून पाहावे, असे पुण्याच्या रामनदीचा विचार करताना मला वाटते.

खाटपेवाडीच्या परिसरात उगम पावून, भूकूम आणि भूगाव ही मुळशी तालुक्यातील गावे मागे टाकून, ही चिमुकली नदी बावधन, पाषाण, बाणेर या वाटेने औंधाजवळ मुळेला मिळते. वरच्या अंगाचा कारभार २०१५ साली स्थापन झालेल्या महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, खालचा पुणे महापालिकेकडे, आणि मुळेच्या पैलतीरावर पिंपरी-चिंचवडची हद्द. वर शेत बिनशेती होते, ओढ्याचे पात्र भरावाने आक्रसते, मुरायला माती न उरलेले पाणी धावत सुटते. आणि प्रत्येक दाखला आपापल्या कचेरीत निर्दोष असला, तरी ते पाणी ज्याच्या उंबऱ्यात शिरते त्या गृहस्थाला त्यांपैकी एकाही अर्जाची वार्ता नसते. अकृताभ्यागम याहून निराळा तो काय असणार?

मग हद्दच नको, असे एक अद्वैती उत्तर सुचते. पुणे महापालिकेने २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे पोटात घेतली. पण त्यामुळे शीव नाहीशी न होता केवळ पुढे सरकली. शिवाय सीमा पारमार्थिक नसली तरी व्यवहारात ती हवीच, कारण जेथे हद्द नाही तेथे जाब कोणाला विचारावा हेही ठरत नाही.

मनुस्मृती सीमेवर वड-पिंपळ लावायला सांगते, भूमीत अस्थी, तूस, कोळसे पुरायला सांगते, आणि एवढ्यानेही तंटा न मिटल्यास शेजारच्या गावांतील लोकांची साक्ष मागते. माझी हद्द कोठे संपते हे माझ्या शेजाऱ्याला विचारूनच ठरावे, ही त्यातील दृष्टी मला फार मोलाची वाटते. (पुढे मराठी मुलुखात शिवेच्या तंट्यात महाराच्या शब्दाला मान असे, ज्याला गावाने वेशीबाहेर ठेवले त्याच्याच मुखाने गावाने आपली वेस ओळखावी, ही विसंगती फारशी कोणाला खुपली असे दिसत नाही.)

आजच्या कायद्यात ही साक्ष अर्धवटच उरली आहे. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमात आराखड्याच्या मसुद्यावर हरकती मागविण्याची तरतूद आहे. परंतु सुट्या परवानगीच्या वेळी शेजारची संस्था पक्षकार नसते, आणि नियमांत बसणाऱ्या अर्जावर साठ दिवस निर्णय कळविला नाही तर परवानगी मिळालीच असे मानले जाते. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने महानगर नियोजन समिती निर्माण करून, तिचे किमान दोन-तृतीयांश सभासद नगरपालिका-सदस्य आणि पंचायतींचे अध्यक्ष यांनी आपल्यातून निवडावेत, आणि पाण्याची वाटणी व भूमीचे एकत्रित नियोजन तिने पाहावे, असे सांगितले खरे. पण ही निवड नागरी आणि ग्रामीण लोकसंख्येच्या प्रमाणात व्हायची असते. आणि पाणी तर लोकसंख्या पाहून वाहत नाही.

शेजार नेमका कोठवर मोजायचा, अशी शंका कोणी घेईल. कारण रामनदीचे पाणी मुळा-मुठेतून भीमेला मिळून उजनीपर्यंत जाते. स्मृतिकार कात्यायनाने याचा विचार केलेला आहे: आधी लगतचे, ते सदोष ठरले तर त्यांच्या लगतचे, मग त्यांच्याही पलीकडचे, अशी कमळाच्या पाकळ्यांप्रमाणे साक्षीदारांची वलये त्याने मांडली. त्या क्रमाने भूगावच्या मोठ्या भरावाचा अर्ज प्रथम बावधन-पाषाणच्या कचेरीत वाचला जावा, तेथून लेखी अभिप्राय यावा, आणि तो डावलायचा असेल तर त्याची कारणे मंजुरीच्या हुकमातच नमूद व्हावीत. उजनीला पाचारण करण्याचा प्रसंग त्यानंतरचा.