फडकं आणि अप्रमाद

"कायले येवढं घासून राह्यले भाऊ? उद्या पुन्हा धूळ बसनारच हाय ना!"

शेजारच्या काकाजींनी हे सहज विचारलं. मी पहाटे गाडी धूत होतो. नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू झाला की नागपूरच्या आमच्या इंदोऱ्यात आठ वाजताच बोनेटवर हात ठेववत नाही, म्हणून पत्रा थंड असतानाच हे काम उरकावं लागतं. पण काकाजींचा प्रश्न धम्माच्या मुळाशी जाणारा आहे. जे जे घडलं ते ते मोडणार. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी अनित्यतेचं विवेचन केलं आणि तिचा बोधही सरळ सांगितला: कशातच आसक्ती ठेवू नका. मालमत्तेत तर नाहीच. मग गाडीच्या रंगासाठी पहाटे उठणारा उपासक आसक्त म्हणायचा की काय?

उत्तर मला त्या रंगातच सापडतं. पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यांत वर एक पारदर्शक थर असतो. गॅरेजवाले त्याला क्लिअर कोट म्हणतात. जाडी साधारण 40 ते 50 मायक्रॉन, म्हणजे डोक्यावरच्या केसाहूनही कमी. ऊन, पाऊस, पाखरांची विष्ठा, सगळं हाच थर अंगावर घेतो. आणि ऊन तरी कुठलं? 23 मे 2013 रोजी नागपुरात पारा 47.9 अंशांवर गेला होता. टप आणि बोनेट आधी फिके पडतात ते उगीच नाही. त्यात उत्तरेला कोराडी आणि खापरखेड्याची औष्णिक वीजकेंद्रं. तिकडून येणाऱ्या राखेत सिलिकाचे कण असतात. अशा राखेवर कोरडं फडकं फिरवलं की रंगावर बारीक रेघोट्या उठल्याच समजा. बोअरचं पाणी जड. ते उन्हात सुकलं की क्षारांचे पांढरे डाग धरतात.

म्हणून आधी नुसतं पाणी ओतायचं, टपापासून खाली, म्हणजे धूळ स्वतःच वाहून जाते. मग दोन बादल्या: एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत फडकं खळबळायला साधं पाणी. भांड्यांचा साबण नको, त्यानं रंगावरचं मेण उतरतं. हात सरळ चालवायचा, गोल नाही. पाखराची विष्ठा वाळली असेल तर ओलं फडकं त्यावर थोडा वेळ ठेवायचं आणि अलगद उचलायचं, खरवडायचं नाही. ती आम्लधर्मी असते, आणि तापलेल्या रंगावर राहिली की तिचा ठसा कायमचा उमटतो. शेवटी मऊ मायक्रोफायबरनं टिपून घ्यायचं. मेणाचा हात महिन्या-दोन महिन्यांनी.

हे करताना मला बुद्धांचा शिष्य चुल्लपंथक आठवतो. थोरला भाऊ महापंथक विद्वान भिक्खू. धाकट्याला मात्र चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना. भावानं त्याला संघ सोडून जायला सांगितलं. तथागतांनी त्याला थांबवलं, हाती एक शुभ्र फडकं दिलं आणि धूळ दूर होवो अशा अर्थाचे दोनच शब्द म्हणत ते चोळत बसायला सांगितलं. उन्हात, घामानं, ते फडकं मळत गेलं. ते मळताना बघता बघता त्याला अनित्यता कळली. ज्याला ग्रंथ झेपला नाही त्याला फडक्यानं शिकवलं! मला या कथेत सर्वांत मोलाची वाटते ती एक गोष्ट: तथागतांनी त्याला फडकं टाकून दे असं म्हटलं नाही.

आता आसक्तीकडे येतो. गाडीची आवड असलेल्या अनेकांना एकही रेघोटी सहन होत नाही. मग कंपाउंड येतं, पॉलिशचं मशीन येतं. आरशासारखी झळाळी येते खरी, पण ती येते कशातून? कंपाउंड रेघोटी भरून काढत नाही. तिच्या आजूबाजूचा क्लिअर कोट झिजवून तिच्या पातळीला आणतं. दर खेपेला थर पातळ होतो, आणि शेवटी रंग उघडा पडून उन्हानं फुटतो. तृष्णेचं काम असंच चालतं: जे हवं असतं तेच ती खाऊन टाकते. उलट, राखेत-उन्हात गाडी वर्षभर तशीच सोडून 'सगळं अनित्य आहे' म्हणणं हाही धम्म नव्हे, तो आळस आहे. या दोन टोकांमधली वाट म्हणजे वेळेवर आणि हलक्या हातानं धुणं, आणि उरलेल्या रेघोटीसह गाडी मान्य करणं. हा अप्रमाद आहे, म्हणजे गाफील न राहणं. वस्तू नाशवंत आहे म्हणूनच तिला जपायचं. ती टिकणारच असती तर जपायची गरज काय होती?

माझे वडील एम्प्रेस मिलमध्ये कामाला होते. 14 ऑक्टोबर 1956ला बाबासाहेबांच्या धम्मदीक्षेच्या सोहळ्यासाठी दीक्षाभूमीवर जाताना त्यांनी अंगात पांढरा सदरा घातला होता. आईनं तो आदल्या रात्री धुतला होता. लाखो माणसं शुभ्र कपड्यांत, धुळीतून चालत तिथं पोहोचली. कपडे संध्याकाळपर्यंत मळणार हे कोणाला ठाऊक नव्हतं? तरी ते धुतलेले होते, कारण पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना अस्वच्छ ठरवलं त्यांच्यासाठी त्या दिवशी स्वच्छ असणं हा धम्माचाच भाग होता. म्हणून स्वच्छतेला दिखावा म्हणून झटकून टाकणं मला पटत नाही.

आणखी एक सांगायचं आहे. आपल्या सोसायट्यांमधून रोज पहाटे कोणीतरी येऊन आपल्या गाड्या पुसून जातो. अर्धी बादली पाणी आणि एकच मळकं फडकं, त्यात पंधरा-वीस गाड्या. रेघोट्या पडल्या की बोल त्यालाच. त्याला दोन स्वच्छ फडकी द्या, पुरेसं पाणी द्या, आणि त्या कामाला लागणाऱ्या वेळेचे पैसेही द्या.