उसनी शिदोरी



येमेनमधील काही लोक हजसाठी निघत तेव्हा सोबत शिदोरी घेत नसत. आम्ही अल्लाहवर भरवसा ठेवणारे आहोत, असे ते अभिमानाने सांगत. मक्केत पोहोचल्यावर मात्र त्यांच्यावर लोकांपुढे हात पसरण्याची पाळी येई. हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांनी कथन केलेली ही हकीकत सहीह बुखारीत आहे. याच संदर्भात सूरह अल्-बकराची १९७वी आयत अवतरली. शिदोरी बरोबर घ्या, असा आदेश तिने दिला आणि सर्वोत्तम शिदोरी तकवा ही होय, असेही सांगितले. आपण प्रवचनांतून या आयतीचा दुसरा भाग पुष्कळदा ऐकतो. पहिल्या भागाकडे आपले लक्ष क्वचितच जाते.

आज मक्केच्या वाटेवर हात पसरण्याची वेळ सहसा कोणावर येत नाही. आता तो हात घरातून निघण्यापूर्वीच पसरला जातो, आणि तोही इतक्या सहजतेने की पसरणाऱ्याला त्याची जाणीवही होत नाही. कार्ड दिले, चार आकडे दाबले की विमानाचे तिकीट हाती येते. ‘आज फिरा, पैसे नंतर द्या’ ही हाक सुट्टीतल्या सहलीपुरती राहिलेली नाही. उमराहदेखील ‘सुलभ हप्त्यांत’ मिळू लागला आहे. म्हणून हा प्रश्न प्रत्येक कुटुंबाने स्वतःला विचारावा असा आहे: उसन्या शिदोरीवर केलेला प्रवास श्रद्धावंताला शोभतो काय?

प्रथम एक गैरसमज दूर करू. इस्लामला प्रवासाचे वावडे नाही. पृथ्वीवर संचार करा आणि अल्लाहने सृष्टीचा प्रारंभ कसा केला ते पाहा, असे सूरह अन्कबूत (२९:२०) सांगते. प्रवाशाला नमाज संक्षिप्त करण्याची आणि रोजे पुढे ढकलण्याची सवलत आहे. पत्नी व मुलांना आनंदाचे चार दिवस देणे हे कुटुंबप्रमुखाच्या सदाचरणाचाच भाग आहे.

कर्ज घेणे हेही मुळात पाप नाही. कुरआनची सर्वांत दीर्घ आयत (२:२८२) कर्जाचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयीच आहे. जकातीच्या हक्कदारांत कर्जबाजारी माणसाचा समावेश आहे (९:६०). प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांचे निधन झाले तेव्हा त्यांचे चिलखत तीस साअ जवाच्या मोबदल्यात एका यहुदी गृहस्थाकडे गहाण होते. ते जव घरातल्यांच्या पोटासाठी होते. येथेच विचार करण्यासारखी गोष्ट आहे. पोटाची गरज भागविण्यासाठी घेतलेले बिनव्याजी ऋण आणि हौस भागविण्यासाठी स्वीकारलेले व्याजी ऋण यांना एकाच मापाने मोजता येणार नाही.

कार्डाचे गणित

क्रेडिट कार्डावर खर्च केलेली रक्कम ठरावीक मुदतीत, म्हणजे जास्तीत जास्त सुमारे ४५ ते ५० दिवसांत, पूर्ण फेडली तर व्याज पडत नाही. मात्र बिलावर ‘किमान देय रक्कम’ म्हणून एक लहानसा आकडा छापलेला असतो आणि खरा सापळा तोच आहे. समजा, सहलीचे ८०,००० रुपये थकले, व्याजाचा दर महिना साडेतीन टक्के आहे आणि किमान रक्कम पाच टक्के, म्हणजे ४,००० रुपये आहे. आपण ४,००० भरतो. त्यातले २,८०० रुपये व्याजातच जातात, व्याजावर कर लागतो तो निराळा. मुद्दल जेमतेम बाराशेने घटते, आणि कर धरला तर त्याहूनही कमी. महिना साडेतीन म्हणजे वर्षाला ४२ टक्के. शिवाय थकबाकी राहिली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही संपते, आणि कार्डाने रोख रक्कम काढली तर पहिल्याच दिवसापासून व्याज सुरू होते. ‘बिनखर्चाचा हप्ता’ या नावालाही भुलू नये. शून्य टक्के हप्त्यांच्या अशा योजनांत व्याज प्रक्रिया शुल्काच्या रूपाने दडवले जाते, असे भारतीय रिझर्व्ह बँकेनेच २०१३ साली बँकांना बजावले होते.

‘मी तर वेळेवर फेडतो’

यावर कोणी म्हणेल, मी प्रत्येक बिल वेळेवर भरतो, एक पैसाही व्याज देत नाही, मग हरकत काय? हा आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्याचे उत्तरही प्रामाणिकपणे द्यायला हवे. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने सप्टेंबर २००० मध्ये रियाध येथील अधिवेशनात असा निर्णय दिला की ज्या कार्डाच्या करारात व्याजाची अट आहे ते घेणे व वापरणे जायज नाही, मुदतीत फेडण्याचा इरादा असला तरीही. उशीर झाल्यास मी व्याज देईन, हे वचन आपण सहीनिशी आधीच दिलेले असते, हे त्यामागचे कारण. काही विद्वानांनी खरी गरज असल्यास आणि वेळेवर फेडण्याची पूर्ण खात्री असल्यास मुभा दिली आहे. ज्याचा जो विश्वसनीय आलिम असेल त्याला त्याने विचारावे. परंतु मुभा देणाऱ्यांनीही ती गरजेसाठी दिली आहे. समुद्रकिनाऱ्यावरील हॉटेलसाठी तिचा आधार घेणे म्हणजे स्वतःचीच फसवणूक होय. आपल्याच खात्यातून रक्कम वजा करणाऱ्या डेबिट कार्डाला ही हरकत लागू नाही.

नियमापलीकडचाही एक विचार आहे. प्रेषित (सल्ल.) नमाजमध्ये कर्जापासून अल्लाहचे शरण मागत. याचे कारण विचारले असता त्यांनी सांगितले की माणूस कर्जात सापडला की बोलताना खोटे बोलतो आणि वचन देऊन मोडतो. म्हणजे कर्ज प्रथम माणसाच्या सचोटीला पोखरते. वसुलीचा फोन आला की ‘बाबा घरी नाहीत’ असे सांगायला मुलाला शिकवणारा पिता त्याच मुलाच्या आनंदासाठी सहलीला गेला होता, हे केवढे दुर्दैव!

आणि मृत्यू काही हप्ते संपण्याची वाट पाहत नाही. एका मृताचा जनाजा आणला गेला. त्याच्यावर कर्ज आहे आणि फेडीची तरतूद नाही, हे कळताच प्रेषितांनी (सल्ल.) स्वतः नमाज पढविली नाही. हजरत अबू कतादा (रजि.) यांनी ते कर्ज अंगावर घेतले, तेव्हाच ती पढविली. रक्कम होती अवघी दोन-तीन दिनार.

सामर्थ्य ही सवलत आहे

हज त्याच्यावरच फर्ज आहे, जो तेथवर जाण्याचे सामर्थ्य बाळगतो (३:९७). उमराह हनफी मतानुसार सुन्नत आहे. कोकणातील आपले बहुसंख्य बांधव ज्या शाफई मताचे आहेत त्यानुसार तो आयुष्यात एकदा फर्ज आहे, पण तेथेही अट सामर्थ्याचीच. ही अट अडथळा नाही. ती अल्लाहची कृपा आहे. त्याने जे ओझे आपल्यावर टाकलेच नाही, ते आपण व्याजासकट उचलून का घ्यावे? अमक्याचा तिसरा उमराह झाला, परतल्यावर सर्वांना खजूर, जमजम आणि भेटी द्याव्या लागतील, ही भीती तर आपल्याला कर्जाकडे ढकलत नाही ना? तसे असेल तर ती यात्रा अल्लाहसाठी की लोकांसाठी, हे ज्याने त्याने आपल्या अंतःकरणाला विचारावे.

याबाबत मलेशियाचे उदाहरण चिंतनीय आहे. तेथील ग्रामीण मुसलमान हजसाठी जमीन आणि गुरे विकत आणि परतल्यावर दारिद्र्यात पडत. बँकेतले व्याज नको म्हणून कित्येक जण पैसे घरातच दडवून ठेवत. अर्थशास्त्रज्ञ उंगकू अझीझ यांनी १९५९ साली यावर योजना मांडली आणि १९६३ मध्ये यात्रेकरूंसाठी बिनव्याजी बचतीची संस्था उभी राहिली. तीच आजची ‘ताबुंग हाजी’. आपल्या हज कमिटीचे पैसेही हप्त्यांनीच भरले जातात, पण ते निघण्यापूर्वी. भेद एवढाच आहे आणि तो फार मोठा आहे. आधीचा हप्ता माणसाला संयम शिकवतो. नंतरचा हप्ता त्याचा संयम विकत घेतो.

तेव्हा प्रवासाचा बेत आखताना आधी अंगावरचे कर्ज आणि जकात यांचा हिशेब करावा. दरमहा ५,००० रुपये वेगळ्या खात्यात ठेवले तर दोन वर्षांत १,२०,००० होतात. भिशी हाही आपल्या भगिनींचा जुना मार्ग आहे. मात्र ती साधी असावी. बोली लावून कमी रकमेत उचलण्याच्या भिशीत व्याज मागल्या दाराने शिरते. परदेशी कार्ड वापरताना चलन-बदलाचे शुल्क आधीच विचारून घ्यावे. जमले तेवढ्यात महाबळेश्वरऐवजी मामाच्या गावी जावे. मुलांना त्यातही सुट्टी भेटते. खर्चात उधळेपणाही नको आणि कंजूषपणाही नको, हा रहमानच्या दासांचा मध्यम मार्ग आहे (२५:६७).

जे आधीच या चक्रात अडकले आहेत त्यांनी लाजून गप्प राहू नये. कार्डाचा वापर थांबवावा आणि जवळच्या नातलगांना विश्वासात घ्यावे. आणि ज्यांना अल्लाहने दिले आहे त्यांनी आपल्या दुसऱ्या-तिसऱ्या नफ्ल उमराहपूर्वी अशा एखाद्या भावाचे व्याज थांबवणारे कर्जे हसना द्यावे. एका घराला व्याजातून सोडविणे ही लहान यात्रा नव्हे.

अल्लाह आपल्याला हलाल शिदोरी आणि तिच्यासोबत तकवा प्रदान करो, आपल्या घराचे दार ज्या दिवशी बोलावेल त्या दिवसापर्यंत सब्र देवो, आणि कोणाचे देणे मानेवर न ठेवता आपल्याकडे बोलावून घेवो. आमीन.