थांबावें कीं निघावें?

चालता धंदा सोडून दुसरा धरण्याचा बेत एखाद्यानें केलेला असतो. दिवसही ठरलेला असतो. इतक्यांत घरांत आजारपण येतें, पीक बुडतें, किंवा धाकट्या भावाच्या शिक्षणाचा खर्च उभा राहतो, आणि “यंदा राहूं द्यावें कीं काय?” असा प्रश्न त्याच्यापुढें येतो. वाचकहो, हा प्रश्न केवळ व्यवहाराचा नाहीं, नीतीचाही आहे. कारण थांबणाऱ्याचें व निघणाऱ्याचें आयुष्य त्याच्या एकट्याचें नसतें.

नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचें उदाहरण घ्या. पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सभासदांना अल्प वेतनावर वीस वर्षें शिकविण्याचें वचन द्यावें लागे. गोखल्यांचें मन सार्वजनिक कार्याकडे ओढत होतें. १८९९ सालीं ते मुंबईच्या कायदे कौन्सिलांतही गेले. तरी वचनाचा भार फेडूनच त्यांनीं १९०२ सालीं फर्ग्युसन कॉलेज सोडलें, आणि १९०५ सालीं भारत सेवक समाज स्थापिला. त्यांचें थांबणें हें ऋण फेडणें होतें. ज्यांना शब्द दिला, त्यांस अर्ध्या वाटेवर सोडून केलेली मोठी सेवाही मनाला बोचत राहिली असती.

दुसरें उदाहरण अल्बर्ट श्वाइट्झर यांचें. १८९६ सालीं, वयाच्या एकविसाव्या वर्षीं, त्यांनीं असें ठरविलें कीं, तिसाव्या वर्षापर्यंत विद्या व संगीत यांस वाहून घ्यावें, आणि पुढें मनुष्यांच्या प्रत्यक्ष सेवेस लागावें. १९०४ सालीं एका मिशनच्या मासिकांत आफ्रिकेंतील गरजेविषयींचा लेख त्यांच्या वाचण्यांत आला, व पुढच्याच वर्षीं, तिसावें लागलें असतां, आपण वैद्यक शिकणार असें त्यांनीं आप्तेष्टांस पत्रांनीं कळविलें. नामांकित पंडित व ऑर्गनवादक असून हा मनुष्य पुन्हां विद्यार्थी होतो, हें पुष्कळांस रुचलें नाहीं. तरी ते डगमगले नाहींत. शिक्षण पुरें करून १९१३ सालीं ते पत्नीसह ओगोवे नदीकाठच्या लांबारेने येथें गेले. आरंभीं नऊ वर्षें आणि मग शिक्षणाचीं वर्षें, इतका काळ मध्यें गेला. परंतु त्यांतला कोणताही भाग चुकवाचुकवीचा नव्हता. पहिल्या काळास मुदत होती, दुसऱ्यांत तयारी होती.

तिसरें एक थांबणें आहे, आणि तें फार गोड बोलतें. “मुलगी मोठी होऊं द्या,” “एक चांगला पाऊस होऊं द्या,” असें तें दर वर्षीं नवें कारण पुढें करतें. प्रत्येक कारण खरें असतें, पण मुदत मात्र कोठेंच नसते. अशानें बेत मोडत नाहीं, नुसता वाळत जातो. आणि मनुष्य स्वतःस सावध समजत राहतो.

म्हणून बेत पुढें ढकलण्यापूर्वीं तीन गोष्टी पाहाव्या. पहिली, मी कोणाचें ऋण फेडण्यासाठीं थांबतों, त्याचें नांव मला घेतां येतें काय? दुसरी, पुन्हां निघण्याचा दिवस मीं घरच्या माणसांस सांगितला आहे काय? तिसरी, मधल्या काळांत नव्या कामाचें कांहीं तरी शिकणें, कांहीं तरी शिल्लक टाकणें चाललें आहे काय? तिन्हींचें उत्तर होकारार्थी असेल, तर थांबण्यांत कांहीं कमीपणा नाहीं. आजारी आईच्या उशाशीं बसण्यासाठीं एक वर्ष घालविणारा मनुष्य मागें पडला, असें कोण म्हणेल?

मात्र एक विसरूं नये. थांबण्याचेंही मोल कोणीतरी देतो. जो शिक्षक व्हावयाचा तो झाला नाहीं, तर कोठें तरी मुलें वाट पाहात राहतात. जी परिचारिका व्हावयाची ती झाली नाहीं, तर कोणी रोगी तळमळतो. हीं माणसें आपणांस दिसत नाहींत, म्हणून त्यांचें ऋण हलकें होत नाहीं. घरचें मागणें कानीं पडतें, दूरचें पडत नाहीं. निर्णय करतांना दोन्हीं तराजूंत घालावीं. मग थांबण्याचें ठरलें तर मुदत बांधून थांबावें, आणि मुदत भरली कीं निघावें.