'कथित', 'तथाकथित' आणि 'म्हणे'

इंग्रजी भाषेत काही विशेषणे अशी आहेत, की ती नामामागे लागताच त्या नामाच्या सत्यतेविषयी शंका उभी राहते. 'अलेज्ड' आणि 'सो-कॉल्ड' ही त्यांपैकी दोन. मराठी वृत्तपत्रांत ती 'कथित' व 'तथाकथित' या रूपांत रुळली. हे शब्द सख्ख्या भावांसारखे दिसत असले, तरी त्यांचा स्वभाव परस्परविरुद्ध आहे. 'कथित गुन्हा' म्हणणारा आपला निवाडा राखून ठेवतो. 'तथाकथित विद्वान' म्हणणारा तो देऊन मोकळा होतो.

बोली मराठीला या उसनवारीची गरज नव्हती. अष्टमीत असो वा कुंडलिकेपलीकडे रोह्याच्या बाजारात, 'त्याने पैसे खाल्ले म्हणे' इतके बोलले की पुरते. बोलणारा नामानिराळा राहतो. अब्रू जाते ती दुसऱ्याची. पूल ओलांडेपर्यंत 'म्हणे' गळून पडते आणि 'पैसे खाल्ले' एवढेच उरते.

आमच्याच रायगड जिल्ह्यातील तळोजा कारागृहात फादर स्टॅन स्वामी हे येशूसंघीय धर्मगुरू बंदी होते. ८ ऑक्टोबर २०२० रोजी त्यांना रांचीत अटक झाली. माओवाद्यांशी कथित संबंध असल्याचा आरोप त्यांनी नाकारला होता. ५ जुलै २०२१ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी, वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात त्यांचे निधन झाले, तेव्हा खटल्याची सुनावणी सुरूही झाली नव्हती. कायद्याच्या लेखी 'कथित' हा शब्द अखेरपर्यंत कायम होता. लोकांच्या तोंडी तो कितीसा टिकला?

शंका असेल तेथे काय करावे, याचा विचार संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात केला आहे. दुर्जनाला सज्जन समजण्यात आपली चूक होईल. परंतु सबळ कारणावाचून सज्जनाला दुर्जन ठरवले, तर त्याच्यावर अन्याय होतो. म्हणून पहिली चूक वारंवार घडली तरी चालेल, दुसरी क्वचितही घडू नये, असा त्यांच्या विचाराचा रोख आहे.

मात्र या औदार्याचा आडोसा बलवानांनी घेऊ नये. एखाद्या पीडितेच्या निवेदनाला 'तथाकथित तक्रार' म्हटले, की चौकशीआधीच ती खोटारडी ठरते. हेही आठव्या आज्ञेचे उल्लंघनच होय, मग ते ख्रिस्तसभेच्या अंगणात का घडेना. आरोपीचा निवाडा राखून ठेवावा आणि तक्रार करणारीचे म्हणणे पूर्ण ऐकून घ्यावे, ही दोन्ही कर्तव्ये एकाच न्यायबुद्धीची आहेत.

तेव्हा वाचकहो, 'म्हणे' ओठांवर येताच 'कोण म्हणे?' असे आपण स्वतःलाच विचारू या. उत्तर देता येत नसेल, तर ती गोष्ट आपल्यापाशीच थांबावी.