भर दुपारची सावली

‘सूर्य डोक्यावर आला’ असं आपण रोज दुपारी म्हणतो. खरं तर पुण्यात तो अगदी डोक्यावर वर्षातून दोनदाच येतो. एकदा १३-१४ मेच्या सुमारास आणि एकदा जुलै सरता सरता. त्या दुपारी एखाद-दुसरा क्षण उभ्या खांबाला सावलीच नसते. कोल्हापूरला हा शून्य सावलीचा दिवस आठवडाभर आधी येतो, मुंबईला एक-दोन दिवसांनी, नागपूरला २६ मेच्या आसपास. एकेक गाव ओलांडत सूर्य कर्कवृत्तापर्यंत जातो आणि तिथून माघारी फिरतो. दिल्ली त्याच्याही पलीकडे, म्हणून दिल्लीकरांच्या वाट्याला हा दिवस येतच नाही.

मुलीला हे नुसतं सांगितलं असतं तर तिने ‘हं’ म्हणून सोडून दिलं असतं. म्हणून चहाचा रिकामा उभट डबा घेऊन दोघी गच्चीवर गेलो. टोप्या, पाण्याची बाटली, पाय भाजू नयेत म्हणून चपला. बारा वाजले तरी डब्याच्या पश्चिमेला बोट-दीड बोट सावली शिल्लकच. ‘आई, बारा तर वाजले की!’ उत्तर माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. आपली घड्याळं चालतात ती उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश रेखांशावर. पुणं त्याच्या बरंच पश्चिमेला, त्यामुळे त्या दिवसांत इथली खरी दुपार होते साडेबाराला. पण मी म्हटलं, बघत राहू. तिने खडूने सावलीच्या टोकाशी खूण केली, थोड्या वेळाने दुसरी, मग तिसरी. खुणा डब्याकडे सरकत होत्या. ‘म्हणजे घड्याळ पुढे आहे!’ असा निकाल तिने स्वतःच देऊन टाकला. मिर्झापूर त्यानंतर आलं, घरी नकाशा उघडल्यावर.

साडेबाराला मात्र वेगळीच पंचाईत झाली. एका बाजूला काडीएवढी सावली हटेचना. तिने डबा फिरवून पाहिला. सावली होती तिथेच. मग खिशातली गोटी काढून खाली ठेवली, तर ती घरंगळत थेट पन्हाळीकडे गेली. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून गच्चीला उतार ठेवलेला असतो, हे इतकी वर्षं त्या गच्चीवर पापड वाळवूनही माझ्या ध्यानात आलं नव्हतं. पुठ्ठ्याच्या घड्या डब्याखाली सरकवून तिने तो सरळ केला आणि सावली बुडाखाली नाहीशी झाली. मग ती स्वतः उभी राहिली, तर सावली पायाशी एवढीशी गोळा झालेली. एवढ्या उन्हात तिची जी काय नाचानाच झाली!

हल्ली मुलांच्या वाढदिवसाला विज्ञानाचे खोके भेट मिळतात. सगळं साहित्य मोजून भरलेलं, सोबत पायऱ्यांचा कागद, आणि प्रयोग हमखास यशस्वी. मला ते फारसे रुचत नाहीत. त्यात गच्चीचा उतार नसतो, आणि आई-बाबाही बहुधा नसतात; मूल एकटंच खोका फोडून बसतं.

याउलट, खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांच्या लहानपणी त्यांच्या बनारसच्या घरी मुलांसाठी फळा होता. वडील विष्णुपंत विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक. शिकायला येऊन राहिलेले मोरूमामा त्या फळ्यावर भाच्यासाठी एखादं आव्हानाचं गणित लिहून ठेवत, आणि ते सुटेपर्यंत किंवा भाच्याने हात टेकेपर्यंत पुसत नसत. जाता-येता गणित नजरेसमोर. असं घर प्रत्येकाला लाभत नाही, आणि घरात गणिताचा प्राध्यापक असायलाच हवा असंही नाही. उत्तर ठाऊक असलेल्याने थोडा दम धरायचा आणि ठाऊक नसलेल्याने मुलाबरोबर शोधायला बसायचं, एवढं कुठल्याही घरात जमतं.

जुलैअखेरची संधी आपल्याकडे बहुतेकदा ढगांत जाते, तेव्हा भरवसा मे महिन्याचाच. आपल्या गावची तारीख आणि वेळ शोधून आजच कॅलेंडरवर खूण करून ठेवा. सूर्याकडे थेट पाहायचं नाही, हे मुलांना आधी बजावा. आणि हो, डबा ठेवण्याआधी गोटी सोडून पाहा.