शाळेला जागा द्यायची कोणी?

‘जागा नाही’ हे उत्तर आम्हा उर्दू शाळेच्या शिक्षकांना पाठ झाले आहे. चिखलीपासून चाकणपर्यंत कारखान्यांच्या आधाराने वस्त्या वाढल्या. मराठवाडा, विदर्भ, उत्तर प्रदेश, बिहारमधून माणसे आली आणि दहा बाय दहाच्या खोल्यांत त्यांनी संसार थाटले. गोदामांना जागा मिळाली, गाड्यांना मिळाली. पहिलीच्या वर्गाला मात्र मिळता मिळत नाही.

मागच्या वर्षी आमच्या वस्तीत जुम्म्याच्या नमाजानंतर शाळेसाठी बैठक भरली. जमातीच्या मालकीची तळमजल्यावरची खोली कोणीतरी सुचवली. सर्वांनी माना डोलावल्या. त्या खोलीत एक बेवा बाई शिलाई मशीन चालवून मुलांना पोसते, हे कोणी बोलेना. ‘सवाबाचं काम आहे, ती कशाला नाही म्हणेल?’ असे एक बुजुर्ग म्हणाले. आम्हीही गप्प राहिलो. शाळा आम्हालाच हवी होती ना!

घरी परतताना मदीनेची मस्जिद आठवली. हिजरतीनंतर, इ. स. ६२२ मध्ये, तिच्यासाठी निवडलेली जमीन सहल आणि सुहैल या दोन यतीम भावांची होती. ती मोफत द्यायची तयारी असतानाही पैगंबरसाहेबांनी (स.) किंमत देऊनच घेतली. पुढे त्याच मस्जिदीच्या सुफ्फ्यावर तालीम चालली. काम कितीही नेक असो, दुबळ्याची जागा त्यासाठी फुकट ठरत नाही.

आपल्या पुण्यातही दाखला आहे. १८४८ साली जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढली, ती तात्यासाहेब भिड्यांच्या वाड्यात. ज्यांच्यापाशी वाडा होता त्यांनी तो दिला. आमच्या बैठकीत मात्र दोन-दोन गोदामांचे मालक बसले होते आणि सर्वांची नजर गेली ती एका शिलाई मशीनवर.

पुढच्या बैठकीत आम्ही हे बोललो. दोघे रागावून उठून गेले. एकाने विचारले, ‘त्या बाईचीच धाकटी मुलगी पहिलीत बसणार होती, तिचं काय?’ प्रश्न खरा होता. आईची रोजी घेऊन मुलीला पाटी द्यावी काय? आणि रोजी राखावी, तर पोरीचे वर्ष वाया घालवावे काय? खोलीचा विषय मागे पडला, पण शाळाही अजून उभी राहिली नाही. त्या मुलीसमोर आमची मान खाली आहे.

महापालिकेची जबाबदारी यातून सुटत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याखालील नियमांप्रमाणे पाचवीपर्यंतची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत हवी. विकास आराखड्यात शाळांसाठी भूखंड राखलेले असतात. पण १९६६ च्या नगररचना कायद्याचे कलम १२७ असे की, दहा वर्षांत जागा संपादित झाली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत पावले उचलली नाहीत तर आरक्षणच संपते. आपल्या प्रभागाचा नकाशा आपल्यापैकी किती जणांनी पाहिला आहे?

तो पाहू या, अर्ज करू या. इमारत होईपर्यंत सकाळी रिकामा असणारा शादीचा हॉल किंवा मस्जिदीचा वरचा मजला वर्गासाठी मागू या. आणि ज्यांच्यापाशी दोन गोदामे आहेत, त्यांच्या दारी आधी जाऊ या. बाईंचे दार शेवटचे, आणि तेही पर्यायी खोली हाती असेल तरच.