आधी तिला द्या

श्वास आत येऊ द्या. सावकाश जाऊ द्या.

कंधार तालुक्यातलं एखादं गाव मनात आणा. मन्याडच्या खोऱ्यातली काळी माती. मृग तोंडावर आलाय. दुपार कलते आहे.

देवळाच्या ओट्यावर सतरंजी आहे. दहा-बारा जणी गोल करून बसल्या आहेत. बचत गटाची आठवड्याची बैठक.

मधोमध पत्र्याची पेटी. शेजारी नोंदवही.

इथेच थांबा.

ऐका. बांगड्या किणकिणतात. पदराची गाठ सुटते. शेतमजुरीतून बाजूला ठेवलेली, घामाने मऊ झालेली नोट सतरंजीवर येते. मग दुसरी. मग आणखी एक.

कुणीतरी विचारतं, "ह्या हप्त्याला कुणाला नड हाय?"

ओटा गप्प होतो.

या गप्पपणात बसा. घाई नको.

एकीला बियाणं घ्यायचंय. दुसरीचं लेकरू तापाने फणफणलंय. पैसे एकीलाच पुरतील, हे दोघींनाही कळतं.

श्वास घ्या. वाट पाहा.

"आधी तिला द्या," बियाणंवाली म्हणते. "माझं पुढच्या हप्त्याला बघू."

पुन्हा ऐका. आधी तिला द्या.

सावकार तारण विचारतो. इथे एकमेकींचं घर ठाऊक असणं, हेच तारण. कर्जावरचं व्याजही याच पेटीत परत येतं. मला ते फार मोलाचं वाटतं.

अशा गटांसाठीचं राज्याचं 'उमेद' अभियान २०११ मध्ये सुरू झालं. गटांनी पाळायच्या त्याच्या दहा सूत्रांत, दशसूत्रीत, बैठक आणि बचत आहे. आरोग्य, शिक्षण, शाश्वत उपजीविकाही आहे.

आता शेजारच्या लातूरकडे मन न्या. ३० सप्टेंबर १९९३. किल्लारीची पहाट. कोसळलेल्या भिंती.

थोडं थांबा.

त्या भूकंपानंतर 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेसोबत तिथल्या बायका आधी घरबांधणीत उतरल्या, मग बचतीत, मग शेतीत. घरच्यांकडून एक एकर रान मागून घेतलं. त्यात डाळी, धान्य, भाजीपाला लावला. आधी घरचं ताट, मग बाजार.

१८ एप्रिल २०२३ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव केला: सामाजिक आणि एकोप्याच्या अर्थव्यवस्थेला, म्हणजे नफ्याआधी माणूस पाहणाऱ्या अशाच व्यवहारांना, शाश्वत विकासासाठी बळ द्या.

आपण पेटीपाशी परत येऊ. नोंदवहीत नाव चढतं. रक्कम चढते. सही होते.

तुमच्या गल्लीतही असा गट असेल. एकदा त्यांच्या बैठकीला जाऊन नुसतं बसा. आणि त्यांच्या शेवया, डाळ, मसाला घेताना भाव पाडून मागू नका.